कै. श्रीमती रमाबाई रानडे

बोलतां येणें ही कांहीं मोठी विद्या आहे असें आपणांस वाटत नाहीं. वर्गांत गुरुजींची पाठ फिरली कीं ती आपणां सर्वांस आपोआप येते. परंतु चार अनोळखी माणसांपुढें उभें राहून बोलावयाची वेळ आली, आणि तेंहि स्वतःकरितां नव्हे तर दुसऱ्या कोणाकरितां, म्हणजे भल्याभल्यांच्या घशास कोरड पडते. आज ज्या बाईंचें चरित्र सांगावयाचें योजिलें आहे, त्यांस अकराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखहि नव्हती. पुढें त्याच बाई कैद्यांसाठीं, विधवांसाठीं, पुणें शहरांतील मुलींसाठीं आणि समुद्रापलीकडील मजुरांसाठींहि बोलल्या. हें कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यांतील, देवराष्ट्रे या गांवीं कुर्लेकरांच्या घराण्यांत झाला. (महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचाहि जन्म पुढें याच गांवीं झाला.) माहेरचें त्यांचें नांव यमुना. मुलीनें लिहिण्यावाचण्यास हात लावला तर तिला वैधव्य येतें, अशी समजूत त्या काळीं घरोघर असे. तेव्हां यमुनेला पाटीपेन्सिल कोण देणार? १८७३ च्या डिसेंबरांत तिचा विवाह माधवराव रानडे यांच्याशीं झाला. माधवराव तेव्हां एकतीस वर्षांचे असून पुण्यास न्यायाधीश होते. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षीं वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या विद्वान गृहस्थानें स्वतःवर वेळ येतांच अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं लग्न केलें, म्हणून लोकांनीं त्यांस पुष्कळ दोष दिला. वडिलांची आज्ञा मोडवेना, हें कारण खरें. तरी दोष देणाऱ्यांचें म्हणणें अगदींच खोटें होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु आपल्याकडून जें झालें त्याची भरपाई कशी करावयाची, हें माधवरावांनीं लवकरच ठरविलें. त्यांनीं पत्नीस स्वतः शिकवावयास आरंभ केला.

रात्रीं दिव्याजवळ पाटीवर अक्षरें गिरवावयाचीं आणि दिवसा घरांतील वडील बायकांचीं टोंचणीं ऐकावयाचीं, असा क्रम पुढें कित्येक वर्षें चालला. रानड्यांचा वाडा माणसांनीं भरलेला होता. सासू, नणंद, आश्रित नातलग बायका, सर्वांनाच नव्या सुनेचें वाचणें म्हणजे घरांत शिरलेलें अरिष्ट वाटे. नवऱ्यानें कितीहि सांगितलें तरी वडील माणसांचा मान राखून हळूहळू तो नाद सोडावा, असा उपदेश तिला होई. एकीकडे पतीची इच्छा आणि दुसरीकडे वडिलधाऱ्यांची. दोहोंपैकीं कोणतीहि मोडली तरी दोष सुनेचाच. रमाबाईंनीं उलट उत्तर दिलें नाहीं, आणि पाटीहि टाकली नाहीं. त्यांच्या या मौनास कोणी भित्रेपणा म्हणेल. पण ज्यास दिवसाचे बारा तास त्याच माणसांत वावरावयाचें असतें, त्याच्या मौनास किती बळ लागतें हें एकत्र कुटुंबांत राहिलेल्या पालकांस सांगावयास नको.

१८७८ सालीं माधवरावांची नाशिकास बदली झाली. तेथें मुलींच्या शाळेच्या समारंभांत रमाबाई प्रथम चारचौघांपुढें बोलल्या. भाषण लहानसेंच होतें, आणि तें माधवरावांनीं लिहून दिलेलें होतें. पुढें पुण्यास परत आल्यावर १८८२ सालीं पंडिता रमाबाई त्या शहरांत आल्या आणि त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. संस्कृत शास्त्रें मुखोद्गत असलेली, पुरुषांच्या सभेंत निर्भयपणें बोलणारी तरुण स्त्री पुण्यानें प्रथमच पाहिली. आमच्या रमाबाई त्या समाजाच्या बैठकींस जाऊं लागल्या. याच सुमारास एका इंग्रज शिक्षिकेजवळ त्यांचें इंग्रजीचेंहि शिक्षण सुरू झालें. धडा संपवून आलें कीं त्यांना स्नान करावें लागे. त्यावांचून घरांतील कोणत्याहि सोवळ्या वस्तूस स्पर्श करण्याची मुभा नव्हती. आज आपली मुलगी इंग्रजी पुस्तक घेऊन जेवणाच्या पाटावर बसते, तेव्हां त्या पुस्तकामागें किती जणींचीं थंडगार स्नानें आहेत, याची तिला कल्पना नसते.

पुण्यास मुलींकरितां हायस्कूल असावें अशी खटपट त्या वेळीं चालली होती. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन पुण्यास आले असतां हिराबागेंत सभा भरली, आणि त्या मागणीचें इंग्रजी निवेदन वाचण्याचें काम रमाबाईंकडे आलें. त्यांचें वय बावीसच्या आंतबाहेर. वाचलें तें लिहिलें होतें पतीनें, भाषा परकी, पुढें बसलेले सर्व साहेबलोक आणि शहरांतील मोठे गृहस्थ. तरी त्यांनीं तें नीट वाचलें. घरीं आल्यावर मात्र कौतुकाऐवजीं टोमण्यांचीच मेजवानी मिळाली. १८८४ च्या सप्टेंबरांत तें हायस्कूल निघालें. तेंच हुजूरपागा या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेलें विद्यालय.

येथें थोडें थांबून एक गोष्ट लक्षांत घ्यावी. या वेळेपर्यंत रमाबाईंचा आवाज त्यांचा होता, पण शब्द दुसऱ्याचे होते. पति सांगतील तें वाचावें, पति नेतील तेथें जावें, यांतच त्या धन्यता मानीत. आणि असें त्यांनीं स्वतःच्या आठवणींत लपविलेलें नाहीं. कित्येक टीकाकार म्हणतात कीं, त्या आयुष्यभर न्यायमूर्तींची सावलीच राहिल्या. पुढची हकीकत वाचून ज्यानें त्यानें आपलें मत ठरवावें. आमच्या मतें, उसन्या शब्दांनीं बोलावयास शिकणें ही लज्जेची गोष्ट नाहीं. लहान मूल दुसरें काय करतें?

१८९३ सालीं माधवराव मुंबईस हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. तेथें रमाबाईंनीं हिंदु स्त्रियांसाठीं एक क्लब स्थापन केला आणि भाषा, सामान्य ज्ञान, शिवण व हस्तकाम यांचे वर्ग चालविले. त्या कामाविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. १९०१ च्या जानेवारी महिन्याच्या १६ तारखेस माधवराव वारले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हतें. पुण्याच्या वाड्यांत परत येऊन त्यांनीं जवळजवळ एक वर्ष बाहेर पाऊल टाकलें नाहीं. विधवेनें कोपऱ्यांत बसावें हा लोकांचा रिवाज होताच. त्या तशाच बसून राहिल्या असत्या तर कोणींहि त्यांस नांव ठेविलें नसतें.

त्या उठून बाहेर पडल्या, आणि प्रथम गेल्या त्या ठिकाणांपैकीं एक येरवड्याचा तुरुंग होता! तेथील स्त्री कैद्यांस कोणी भेटावयास येत नसे. चोरीच्या, मारामारीच्या, कित्येक खुनाच्याहि अपराधाखालीं शिक्षा भोगीत असलेल्या त्या बायका. सासरीं त्यांचें नांव टाकलेलें, माहेरीं दार लावलेलें. हायकोर्टाच्या न्यायाधीशाची विधवा त्यांच्याजवळ जमिनीवर बसे, त्यांची हकीकत ऐके आणि त्यांच्याशीं चार समजुतीच्या गोष्टी बोले. तसेंच सुधारशाळेंतील अपराधी मुलांकडे त्या सणावारीं मिठाई घेऊन जात. इस्पितळांतील रोग्यांस फळें, फुलें, पुस्तकें नेऊन देत. या ठिकाणीं भाषण लिहून देणारें कोणी नव्हतें. पाठ केलेल्या वाक्यांचा उपयोगहि नव्हता. कैदी बाईपुढें इंग्रजी निवेदन वाचून काय होणार? तेथें आधीं ऐकावें लागतें. रमाबाईंचे स्वतःचे शब्द त्यांना सांपडले असतील तर ते हिराबागेच्या सभेंत नव्हे, येरवड्याच्या भिंतींच्या आंत सांपडले, असें आम्हांस वाटतें.

१९०४ सालीं मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानीं रमाबाई होत्या. १९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनीं मुंबईस सेवासदन काढलें, त्याचेंहि अध्यक्षपद त्यांनाच देण्यांत आलें. पुढील वर्षीं, १९०९ च्या ऑक्टोबरांत, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्यानें पुण्याचें सेवासदन उभें राहिलें, आणि तेंच त्यांच्या उरलेल्या आयुष्याचें घर झालें. १९१० सालीं त्यांनीं पतीच्या सहवासांतील आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. साधी घरगुती भाषा, कोठेंहि आव नाहीं, आणि स्वतःच्या चुकाहि मोकळेपणानें सांगितलेल्या. मराठींतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत त्याचें स्थान मोठें आहे. वरच्या वर्गांतील मुलींनीं तें मिळवून अवश्य वाचावें.

सेवासदनांत प्रौढ स्त्रिया, विशेषतः विधवा, शिकावयास येत. घरीं भाकरी थापून, भांडीं घासून, दुपारचे दोन तास चोरून येणाऱ्या त्यांत पुष्कळ. लिहिणेंवाचणें, शिवण, पुढें शिक्षिकेचें काम. पण खरी परीक्षा झाली ती परिचारिकांच्या वर्गाच्या वेळीं. ससून इस्पितळांत जाऊन परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या रोग्यांचें मलमूत्र काढावयाचें, पुरुष रोग्यांस हात लावावयाचा, ही कल्पनाच पांढरपेशा समाजास किळसवाणी वाटली. ज्या बाया प्रथम गेल्या त्यांच्या नांवानें गल्लोगल्लीं बोभाटा झाला. रमाबाईंचें वजन पाठीशीं नसतें तर त्या टिकल्या असत्या कीं नाहीं कोण जाणे! ज्या वाड्यांतील बायकांनीं त्यांना एके काळीं इंग्रज बाईच्या स्पर्शाबद्दल स्नान करावयास लावलें, त्याच वाड्याची धनीण आतां इतरांच्या मुलीबाळींना इस्पितळांत पाठवीत होती.

१९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें मुंबई इलाख्यांत एक कायदा झाला. नगरपालिकेस वाटल्यास तिनें आपल्या शहरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मुभा त्यानें दिली. पुण्याच्या नगरपालिकेंत हा प्रश्न निघाला तेव्हां तिजोरींत पैसा नाहीं, या सबबीवर सक्ती तूर्त मुलग्यांपुरतीच ठेवावी, मुलींचें पुढें पाहूं, असा पक्ष उभा राहिला. आणि त्या पक्षाला मोठमोठ्या पुढाऱ्यांचें पाठबळ होतें. सबब वरवर पाहतां अगदीं रास्त. पैसा खरोखरच थोडा होता. परंतु घरांत दूध थोडें असलें कीं तें नेहमीं मुलाच्याच वाटीस कां जातें, हा प्रश्न त्या सबबीनें सुटत नव्हता. रमाबाई साठीला टेकल्या होत्या. त्यांनीं सभा घेतल्या, स्त्रियांना एकत्र केलें, आणि मुलींनाहि सक्तीचें शिक्षण पाहिजे अशी मागणी करीत बायकांची मिरवणूक पुण्याच्या रस्त्यांतून नेली. मंगळागौरीस देखील पदर सांवरून, कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं अशा बेतानें जाणाऱ्या स्त्रिया भर रस्त्यानें नगरपालिकेकडे आपलें मागणें घेऊन चालल्या आहेत, हा देखावा पाहून कित्येकांनीं नाकें मुरडलीं. सभांतून गोंधळ झाले, वर्तमानपत्रांतून तोंडसुख घेण्यांत आलें. पंचेचाळीस वर्षांपूर्वींच्या टोमण्यांनीं ज्यांचा कान तयार झाला होता त्यांना यांत नवें कांहींच नव्हतें.

शहराच्या पलीकडेहि त्यांची दृष्टि गेली. फिजी बेटांतील उंसाच्या मळ्यांवर पांच पांच वर्षांच्या करारानें नेलेले हिंदी मजूर, ज्यांना गिरमिटी म्हणत, आणि विशेषेंकरून त्यांतील स्त्रिया फार हलाखींत दिवस काढीत. १८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसें त्या बेटांवर नेण्यांत आलीं होतीं. या मजुरांची व केनियांतील हिंदी लोकांची बाजू रमाबाईंनीं उचलून धरली. स्त्रियांना कौन्सिलच्या निवडणुकींत मत असावें या चळवळीचेंहि पुढारीपण त्यांनीं केलें; १९२१ सालीं मुंबईच्या कौन्सिलनें तें तत्त्व मान्य केलें. मिळकतीच्या अटीमुळें प्रत्यक्ष मत फार थोड्या बायकांस मिळालें, हें खरें.

आषाढी-कार्तिकीच्या यात्रेच्या दिवसांत मात्र रमाबाई कौन्सिलच्या दारीं नसत. सेवासदनाच्या स्वयंसेविका बरोबर घेऊन त्या आळंदीस जात. इंद्रायणीच्या कांठीं लाखों वारकऱ्यांची गर्दी. तींत चुकलेल्या म्हाताऱ्या, आजारी पडलेल्या बाया, कडेवर मूल घेऊन रडणाऱ्या लेकुरवाळ्या. त्यांना हाताला धरून सुरक्षित जागीं बसवावयाचें, औषधपाणी द्यावयाचें, हरवलेलें माणूस शोधून द्यावयाचें. १९२४ सालीं त्या वारल्या. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत आळंदीचा हा नेम त्यांनीं चुकविला नाहीं. १९६२ सालीं त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. घरांतील जुन्या पत्रांच्या पुडक्यांत तें कोणास सांपडलें तर जपून ठेवावें.