गोखल्यांच्या घरचे आठ रुपये

नामदार गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की पुणेरी पगडी, कौन्सिलातली अंदाजपत्रकावरची भाषणे आणि १९०५ साली स्थापन झालेला भारत सेवक समाज एवढे आपल्याला आठवते. मी त्यांच्या घरचा हिशेब सांगणार आहे. उसाचे बिल लांबले किंवा मिळवत्या माणसाचे काम सुटले, की आपल्या कळंबच्या कितीतरी घरांत रात्री असाच हिशेब मांडला जातो, आणि मुले झोपेचे सोंग घेऊन तो ऐकत असतात.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा. थोरले बंधू गोविंदराव अठराच्या आसपास; त्यांनी आपली शाळा सोडली आणि कागलातच दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत. उरल्या ७ रुपयांत घर! त्या घरच्या बायकांनी ते कसे निभावले असेल, हे चरित्रकार लिहीत नाहीत. आपल्याला मात्र ते सांगावे लागत नाही.

पैसा कोठून येतो हे त्या मुलाला पक्के ठाऊक होते. तो हाताने स्वयंपाक करी, एक वेळच जेवी आणि तेल वाचावे म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करी. एकदा एका सोबत्याने त्याला नाटकाला नेले. गोपाळला वाटले, आपण पाहुणे आहोत. मागाहून सोबत्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने ते मुकाट्याने दिले आणि आपल्या पोटाला चिमटा घेऊन ती भर काढली. या गोष्टी आपण मुलांना कौतुकाने सांगतो. मला मात्र त्या सांगताना पोटात कालवते. ओढग्रस्तीच्या घरातले पोर शहाणे होते खरे, पण ते मागायचे सोडून देते. भूक लागली तरी नाही म्हणते. तेव्हा न मागणाऱ्या पोराला आईने आपण होऊन विचारावे, असे मला वाटते.

१८८१ साली मॅट्रिक झाल्यावर गोपाळच्या मनात आले की आता शिक्षण पुरे, नोकरी धरावी आणि भावाचा भार हलका करावा. इथे घरची मोठी माणसे आडवी आली. भावाने ऐकले नाही, आणि वहिनींनी आपले दागिने विकून कॉलेजची सोय केली. ज्या बाईने हे केले तिचे नाव कितीजणींना ठाऊक आहे? मोडीचा दागिना परत होत नाही, हे जाणूनच तिने तो दिला.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गोपाळराव बी. ए. झाले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून लागले. आता घराला बरे दिवस येणार, अशी गोविंदरावांची आशा असणारच. पण गोपाळरावांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन वीस वर्षे थोड्या वेतनावर शिकवण्याचे पत्करले. भावाला ते सहज रुचले नाही; त्यांची समजूत घालावी लागली. एकाच्या शिक्षणासाठी सगळे घर झिजते, तेव्हा त्या मुलाच्या पायात कृतज्ञतेची बेडी पडते. गोविंदरावांनी ती अखेर सोडली, म्हणून मला ते धाकट्याहून कमी मोठे वाटत नाहीत. गोपाळरावांनीही घराला अंतर दिले नाही. पै-पैचा हिशेब शिकलेल्या या माणसाने शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले, तेही खूप चालले.

१९११ साली त्यांनी कौन्सिलात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. गरिबांच्या मुलांना फी पडू नये, असा त्यात आग्रह होता. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोपाळराव गेले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी.