सोळा तास आणि अठ्ठावन्न दिवस

बारामती-इंदापूरकडची एखादी लेक किंवा सून आता अमेरिकेत असते, यात काही नवल राहिलं नाही. तिच्या बाळंतपणाला निघालेली आई आधी इंदापूरहून सोलापूर रस्त्यानं पुणं आणि मग मुंबईचा विमानतळ गाठते, पाच-सहा तासांत. पुढे मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान मिळालं तर पंधरा-सोळा तास. तरी बॅग भरताना पोटात गोळा येतोच! अशा वेळी डॉ. आनंदीबाई जोशींना आठवावं. त्यांना न्यूयॉर्क गाठायला अठ्ठावन्न दिवस लागले होते.

आनंदीबाई कल्याणच्या. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव वयानं बरेच मोठे, टपाल खात्यात नोकरीला, स्वभावानं तऱ्हेवाईक. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्यापायी तिनं मारही खाल्ला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. बायकांना तपासायला बाईच डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंच्या मनानं पक्कं घेतलं.

गोपाळरावांचं एक पत्र अमेरिकेतल्या मिशनऱ्यांच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी ते वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. पत्र पोचायला कित्येक आठवडे लागत, पण तेवढ्यावर दोघींचं मावशी-भाचीचं नातं जुळलं.

समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानणारा तो काळ. त्यातून बाईमाणूस, नवऱ्याशिवाय! लोक नाही नाही ते बोलले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला (आपलं नगरकडचं नव्हे) आनंदीबाईंनी भरसभेत उभं राहून आपण का जातोय ते सांगितलं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. सोबत मिशनरी बायका, आपलं असं कुणीच नाही. वय अठरा. इंग्लंडमार्गे ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झालं. कडाक्याची थंडी, अंगावर साडी, जेवण शाकाहारी. तब्येत ढासळत गेली, अभ्यास मात्र सुटला नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. पण नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरल्या त्या क्षयानं खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरचं काम हाती घेणं राहूनच गेलं.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, त्या कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही आहे. लेकीकडे गेलात तर जरूर जाऊन या. न्यूयॉर्क शहरापासून लांब नाही, इंदापूर ते पुणं जेवढं, साधारण तेवढंच.