संत गाडगेबाबा

आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ संत होऊन गेले. काही संतांनी अभंग लिहिले, काहींनी ग्रंथ लिहिले. पण एका संताला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी हातात खराटा घेतला आणि गावंच्या गावं झाडून काढली. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या गावी झाला. त्यांचे नाव डेबूजी. वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे नाव सखुबाई. आडनाव जानोरकर. जात परटाची. वडिलांना दारूचे व्यसन लागले. त्या व्यसनापायी घरदार गेले आणि वडीलही वारले. तेव्हा डेबू अगदी लहान होता. मग आई त्याला घेऊन मामाच्या गावी दापुरे येथे आली.

मामाकडे डेबू गुरं राखायचा. मोठा झाल्यावर नांगर धरू लागला. पेरणी, निंदणी, रात्रीची राखण, सगळी कामं तो करायचा. त्याला शाळेत जायला मिळालं नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. लिहिता-वाचता येत नसलं की माणूस कसा फसतो, ते डेबूजीने डोळ्यांनी पाहिले.

डेबूजीचे लग्न झाले. मुलगी झाली. त्या काळी बारशाला दारू व मटणाचं जेवण द्यायची पद्धत होती. डेबूजीने तसं केलं नाही. गोडाचे जेवण दिले. भाऊबंद रागावले, तरी त्याने ऐकले नाही. दारूने आपल्या घराचे काय झाले, ते तो विसरला नव्हता.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. नदीच्या काठावर फार चिखल असायचा. म्हातारी माणसं घसरून पडायची. डेबूजी यात्रेला जायचे, पण नुसते देवदर्शन करून परत यायचे नाहीत. ते चिखल उपसायचे, वाट नीट करायचे, म्हाताऱ्यांना हात देऊन वर घ्यायचे. पैसे मात्र कुणाकडून घेत नसत. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला रविवारी झोपावंसं वाटलं असेल. पण ते दुसऱ्यांसाठी वेळ काढत. पुढे तिथे त्यांनी लोकांच्या मदतीने पक्का घाट बांधला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगात चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं आणि ऊन लागलं की तेच डोक्यावर पालथं घालायचं. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा गावात आले की कुणाला विचारायचे नाहीत. सरळ रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबलं असेल तर हातानं मोकळं करायचे. लोक आधी नुसते बघायचे. मग त्यांना लाज वाटायची आणि तेही खराटे घेऊन यायचे. बाबा फुकटची भाकरी खात नसत. आधी काम करायचे, मग भाकरी मागायचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करून लोकांची मनं झाडायचे. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका असे सांगायचे. घरात ताट नसलं तर भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला असंही सांगायचे. स्वतः न शिकलेल्या माणसाने आपल्याला शाळेत पाठवले, असेच म्हणायला पाहिजे.

लोकांनी बाबांना पुष्कळ पैसे दिले. बाबांनी त्यातला एक पैसाही स्वतःसाठी ठेवला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दूरगावच्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठीही सोय केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीजवळ बाबांचे निधन झाले. तेव्हा ते प्रवासातच होते. घर सोडल्यापासून एक्कावन्न वर्षे त्यांनी लोकांची सेवा केली. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले आहे.

हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट आठवली. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या आजी राहतात. मागच्या आठवड्यात त्यांनी मला हंडा उचलू लागायला हाक मारली होती. मी म्हणालो मला वेळ नाही, आणि विटीदांडू खेळायला पळालो. खेळायला वेळ होता, हंड्याला नव्हता. बाबांना तर कुणी हाकही मारत नसे, तरी ते जात. आता मी शाळेत येण्याआधी त्यांचा एक हंडा भरून देतो. त्याला फार वेळ लागत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या शाळेपुढच्या हापशीजवळ चिखल साचला आहे. परवा पहिलीतली एक मुलगी तिथे घसरून पडली. शनिवारी शाळा सुटल्यावर आपण तिथे मुरूम टाकू आणि पाणी जायला चर काढू. टोपल्या आम्ही चौथीची मुलं आणू. हे वाचणाऱ्या पालकांनी अर्धा तास थांबावे आणि एक फावडे आणावे, ही विनंती. आमच्याने मोठे फावडे चालत नाही.

इयत्ता ४ थी