रेक्टर नव्हे, डीन! : लुसी डिग्ज स्लो

मुलगी बारावीनंतर परगावी शिकायला जायची म्हटलं, की घरात पहिली चौकशी कॉलेजची होतच नाही. हॉस्टेल कसं आहे? गेट किती वाजता बंद होतं? रेक्टरबाई कडक आहेत ना? बाई कडक आहेत म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडतो आणि मुलीचं तोंड उतरतं. मायलेकींच्या मधल्या या खुर्चीवर जी बाई बसते, तिचं काम मोठं अवघड. आईबापांना शब्द दिलेला, संस्थेचे नियम सांभाळायचे आणि मुलीला मोठंही होऊ द्यायचं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका कृष्णवर्णीय बाईनं या खुर्चीचा अर्थच बदलायला घेतला. तिचं नाव लुसी डिग्ज स्लो.

आडनाव स्लो, पण बाई मात्र सगळ्यांच्या पुढे धावणारी, बरं का!

लुसीचा जन्म व्हर्जिनिया राज्यातल्या बेरीव्हिल या छोट्या गावातला, १८८०च्या दशकातला. गुलामगिरी कायद्यानं संपून वीसेक वर्षंच झाली होती. वडील ती तान्ही असतानाच गेले, सहाएक वर्षांची असताना आईही गेली. भावंडांत ही शेंडेफळ. मार्था प्राइस या आत्यानं तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं. आत्या शिस्तीची, देवाधर्माची, पण शिक्षणाचं मोल जाणणारी. लुसी तेरा वर्षांची झाली तेव्हा चांगली शाळा मिळावी म्हणून आत्यानं गाव सोडलं आणि बिऱ्हाड बाल्टिमोर शहरात हलवलं.

गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा तेव्हा वेगळ्या. काळ्या मुलांसाठीच्या हायस्कुलातून १९०४ मध्ये लुसी दुसरी आली आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाची शिष्यवृत्ती तिला मिळाली. १८६७ मध्ये स्थापन झालेलं हॉवर्ड म्हणजे कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचं मानाचं ठिकाण. पदरचे पैसे नव्हते. काम करून, शिष्यवृत्तीवर तिनं चार वर्षं काढली. याच दिवसांत, जानेवारी १९०८ मध्ये, तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी अल्फा कॅप्पा अल्फा नावाचा विद्यार्थिनींचा संघ काढला. कृष्णवर्णीय कॉलेजकन्यांचा हा देशातला पहिला संघ, आणि तो आजही चालू आहे. त्याच वर्षी लुसी वर्गात पहिली येऊन पदवीधर झाली.

मग बाल्टिमोरला परत येऊन इंग्रजीची शिक्षिका. सुट्ट्यांमध्ये न्यूयॉर्कला जाऊन कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये एम.ए. आणि फावल्या वेळात टेनिस! गोऱ्यांच्या स्पर्धांत काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःची टेनिस संघटना काढली होती. तिच्या १९१७ च्या पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत महिला एकेरीचं विजेतेपद लुसीनं पटकावलं. राष्ट्रीय पातळीवर टेनिसचं अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुढे १९१९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये काळ्या मुलांसाठी पहिलं ज्युनिअर हायस्कूल निघालं, त्याची उभारणी तिच्याकडे आली आणि तिथली मुख्याध्यापिकाही तीच झाली.

इथवरची गोष्ट हुशार, कष्टाळू मुलीची. खरी कसोटी पुढेच होती.

१९२२ मध्ये हॉवर्डनं तिला बोलावलं. पद होतं डीन ऑफ विमेन, म्हणजे विद्यार्थिनींची अधिष्ठाता. हे पद काय होतं ते जरा सांगायला हवं. अमेरिकेत मुली विद्यापीठात येऊ लागल्या तेव्हा पालकांना आणि विश्वस्तांना धास्ती वाटायची, या पोरींवर लक्ष कोण ठेवणार? म्हणून एखादी पोक्त, शिकलेली बाई नेमायची पद्धत पडली. शिकागो विद्यापीठात १८९२ मध्ये अशी डीन होती. काही ठिकाणी तिला मान होता, प्राध्यापकाचा दर्जा होता. पण बऱ्याच ठिकाणी ती नुसती दारावरची पहारेकरीण! कोण किती वाजता आली, कोणाशी बोलली, कपडे कसे घातले, याची वही ठेवायची.

कायदासुद्धा कॉलेजच्याच बाजूचा. केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजनं आपल्या विद्यार्थ्यांना बाहेरच्या खानावळीत जायला बंदी केली, तेव्हा एक खानावळवाला कोर्टात गेला. १९१३ मध्ये कोर्टानं निकाल दिला, की कॉलेज हे विद्यार्थ्यांच्या आईबापांच्या जागी आहे. घरचे जसे नियम लावतात तसे ते लावू शकतं. झालं! शिस्तीच्या नावाखाली काय वाटेल ते चालायला मोकळीक. काळ्या मुलांच्या कॉलेजांमध्ये तर जाच जास्तच. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या कडक नियमांना कंटाळून १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला आणि तिथल्या गोऱ्या अध्यक्षांना राजीनामा देऊन जावं लागलं.

अशा काळात लुसीनं नोकरी घेताना अटी घातल्या. बाईमाणसानं नोकरीसाठी अटी घालायच्या, तेही १९२२ मध्ये! आपल्याला प्राध्यापकाचा दर्जा हवा. विद्यार्थिनींबद्दलचं धोरण आपल्या सल्ल्यानं ठरायला हवं. आणि राहायला हॉस्टेलमध्ये नाही, स्वतःच्या घरात. ही शेवटची अट वरवर साधी दिसते, पण तिच्यात सगळं आलं. हॉस्टेलात राहणारी बाई म्हणजे मेट्रन. लुसीचं म्हणणं असं, की मेट्रनचं काम वेगळं आणि डीनचं वेगळं. डीन ही शिक्षणातली जाणकार आहे, मुलींच्या अभ्यासक्रमापासून नोकरीपर्यंत तिनं विचार करायचा. तेव्हाच्या अध्यक्षांनी अटी मान्य केल्या. शहराच्या ब्रुकलंड भागात लुसी घर करून राहिली. सोबत तिची जोडीदार, शिक्षिका आणि नाटककार मेरी बरिल. त्या घरी, बागेत, मुलींना चहाफराळाला हक्कानं बोलावणं असायचं.

मग तिनं नियम सगळे मोडीत काढले का? मुळीच नाही. शिस्त तिला हवीच होती, आत्याच्या हाताखाली वाढलेली ती! पण मुलींवर शिस्त लादण्यापेक्षा ती त्यांच्या हाती सोपवावी असं तिला वाटे. तिनं विद्यार्थिनींची संघटना उभी केली. दरवर्षी सगळ्या मुलींचं आणि माजी विद्यार्थिनींचं एकत्र जेवण सुरू केलं. पहिल्या वर्षाच्या बावरलेल्या मुलीनं वकील, डॉक्टर, शिक्षिका झालेल्या बायका एका टेबलावर बसलेल्या पाहाव्यात, एवढाच साधा हेतू. कॉलेजच्या आवारातच मुलींसाठी चांगली हॉस्टेलं हवीत म्हणून तिनं कित्येक वर्षं पाठपुरावा केला आणि १९३१ मध्ये तीन नव्या इमारती उघडल्या. या इमारती झोपण्याजेवण्यापुरत्या नसाव्यात, तिथे मुलींनी चारचौघांत वागायला, बोलायला, निर्णय घ्यायला शिकावं, असा तिचा आग्रह.

१९३३ मध्ये तिनं एका शिक्षणविषयक नियतकालिकात लेख लिहिला. त्यातला मुद्दा आजही आपल्याला लागू पडावा. बहुतेक मुली अशा घरांतून येतात जिथे निर्णय दुसरेच घेतात. कॉलेजातही तेच चाललं, तासातासाला पहारा राहिला, तर पदवी घेऊनही त्या बिचकतच राहतील. मग अर्थशास्त्र, राज्यशास्त्र शिकून समाजात पुढे यायला त्या धजतील कशा?

आता सगळ्यात कठीण प्रसंग. १९२७ ची गोष्ट. एक प्राध्यापक वर्गात मुलींसमोर अश्लील बोलतो, अशी तक्रार पालकांकडून तिच्याकडे आली. आजच्या भाषेत लैंगिक छळाची तक्रार. तेव्हा ना असा शब्द होता, ना कायदा, ना समिती. मुलीनं स्कर्ट केवढा घालावा याचे नियम छापील, आणि शिक्षकानं मुलींशी काय बोलावं याला मात्र नियम नाही! लुसी गप्प बसली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं... मुलींचं सोडून. तिनं गाजावाजा न करता रीतसर वरिष्ठांच्या कानावर घातलं. त्या प्राध्यापकानं उलट तिलाच अत्यंत घाणेरड्या भाषेत पत्र लिहिलं. तिनं ते विद्यापीठाच्या अध्यक्षांसमोर ठेवलं. अध्यक्ष आता नवे होते, मॉर्डेकाय जॉन्सन. हॉवर्डचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष, मोठे कर्तबगार, नावाजलेले वक्ते. पण या वेळी त्यांचा न्याय कमी पडला. प्राध्यापकाची नोकरी गेली नाही, त्याला पुढच्या शिक्षणासाठी रजा मिळाली.

आणि तक्रार नेणाऱ्या बाईला काय मिळालं? अध्यक्षांशी तिचे संबंध बिघडले ते कायमचेच. तिच्या बरोबरीच्या पुरुष डीनपेक्षा तिचा पगार कमीच राहिला, तिच्या कार्यालयाचे अधिकार आणि पैसा आखडत गेला. १९३३ मध्ये तर फर्मान निघालं, की डीनबाईंनी आपलं घर सोडून आवारात राहायला यावं. म्हणजे पुन्हा मेट्रन! पहिल्या दिवशी घातलेली आणि मान्य झालेली अट दहा वर्षांनी मोडायला निघाले. लुसीनं विरोध केला. तिच्या जुन्या विद्यार्थिनी, देशभर विखुरलेल्या, तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. ज्या मुलींना तिनं आपलं म्हणणं मांडायला शिकवलं होतं, त्याच आता तिच्यासाठी बोलू लागल्या. ब्रुकलंडचं घर तिनं आणि मेरीनं अखेरपर्यंत राखलं.

तिचं काम एका विद्यापीठापुरतं कधीच नव्हतं. १९२३ मध्ये पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांची राष्ट्रीय संघटना निघाली, तिची ती पहिली अध्यक्ष. गोऱ्या डीनबाईंच्या राष्ट्रीय संघटनेत शिरणारी ती पहिली कृष्णवर्णीय. तिथल्या परिषदा ज्या हॉटेलांत व्हायच्या तिथे काळ्यांना सन्मानानं वागवलं जाईलच असं नसायचं, तरी ती जात राहिली. १९२९ मध्ये तिनं काळ्यांच्या कॉलेजांतल्या डीनबाईंना हॉवर्डला एकत्र बोलावलं. १९३५ मध्ये मेरी मॅकलाउड बेथ्यून यांनी निग्रो स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली, तेव्हा तिची पहिली सचिव झाली लुसी.

पण तब्येत साथ देईना. नोकरीतली ओढाताण चालूच होती. २१ ऑक्टोबर १९३७ रोजी लुसी गेली. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. पंधरा वर्षं ती त्या एकाच खुर्चीवर होती, आणि शेवटची दहा वर्षं त्या खुर्चीचा मान राखण्यातच गेली.

१९४२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सरकारी कार्यालयांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी एक मोठं वसतिगृह बांधलं गेलं, त्याला तिचं नाव दिलं गेलं, स्लो हॉल. शिस्तीच्या कायद्यातही पुढे बदल झाला. अलाबामातल्या एका सरकारी कॉलेजनं वर्णभेदाविरुद्ध आंदोलन केलेल्या काळ्या विद्यार्थ्यांना एका शब्दानंही न विचारता काढून टाकलं होतं. १९६१ मध्ये कोर्टानं सांगितलं, की सरकारी कॉलेजला असं करता येणार नाही. आरोप काय आहे ते कळवा, त्याचं म्हणणं ऐका, मगच शिक्षा करा. कॉलेज म्हणजे आईबाप, ही जुनी समजूत तिथून ढासळू लागली. हे पाहायला लुसी नव्हती.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही मुली आता तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुण्यामुंबईला शिकायला जातात. हॉस्टेलच्या दारात ट्रंक उतरवून ठेवताना आपण गेटची वेळ विचारतोच, विचारायलाही हवी. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. इथे मुलींचं म्हणणं ऐकून घ्यायला कोण आहे? आणि एखाद्या सरांबद्दल किंवा कर्मचाऱ्याबद्दल तक्रार करायची झाली, तर ती कोणाकडे करायची? २०१३ च्या कायद्यानं अशी अंतर्गत समिती कॉलेजांना बंधनकारक केली आहे, तिच्या सदस्यांची नावं फलकावर लावलेली असायला हवीत. फलक दिसला नाही तर ऑफिसात जाऊन विचारा, आणि मुलीलाही सोबत न्या.