चुना, चुट्टा आणि वाफ

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, तेव्हा कर्करोग आपल्याकडे तसा विरळाच, असं मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी घेतलेल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांना ते पटत नव्हतं. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येणारे तुकडे वेगळंच सांगत होते. तोंडाचे कर्करोग तर इतके येत होते, की युरोपातल्या पाठ्यपुस्तकांवरून त्यांचा उलगडा होईना.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतकीय कुटुंबातला. वैद्यकीचं शिक्षण लंडन विद्यापीठात झालं आणि तिथूनच १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. केलं. मुंबईत परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते हा विषय शिकवत होते. विकृतिशास्त्रज्ञ म्हणजे रोग्याला कधीच न भेटणारा डॉक्टर, असं थट्टेनं म्हटलं जातं. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचा पातळ काप रंगवून काचेवर पाहायचा, अहवाल लिहायचा, की झालं काम. खानोलकर मात्र काचेवरून पुन्हा माणसाकडे वळत. हा कुठून आला, काय ओढतो, तंबाखू तोंडात नेमकी कुठे धरतो, धोतर कसं नेसतो? आज असे प्रश्न कुठल्याही आरोग्य पाहणीत असतात. त्या काळी कर्करोगाच्या संदर्भात ते विचारणारे भारतात फार थोडे होते.

या चौकशीतून १९४५ साली त्यांचा आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांचा एक शोधनिबंध अमेरिकेतल्या विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात आला. चालीरीतींशी जोडलेले तीन नवे कर्करोग असा त्याचा विषय होता. पहिला खैनीचा. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून ती गोळी खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवायची, ही बिहारकडची सवय. गाठ यायची ती नेमकी त्याच खाचेत. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशेषतः बायका, चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढत. त्यांना कर्करोग व्हायचा टाळूला, जिथे तो इतर धूम्रपान करणाऱ्यांत क्वचितच आढळतो. तिसऱ्यात तर तंबाखूचा संबंधच नव्हता. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट कसलेल्या धोतराच्या काचामुळे कातडी सतत सोलवटत राही आणि काहींना तिथेच कर्करोग होई.

तीन सवयी, शरीरावरच्या तीन जागा. पान तेच, पण ते कसं घेतलं जातं त्यावर आजार कुठे उमटणार हे ठरतं, हे त्यातून दिसलं. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दलचा गाजलेला निबंध १९५० चा. त्याच्या पाच वर्षं आधी परळमध्ये हे लिहिलं गेलं होतं. आपल्याकडे डॉल यांचं नाव जितकं घेतलं जातं, तितकं खानोलकरांचं घेतलं जात नाही, हे खरं.

खानोलकर आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेचे अध्यक्षही होते. १९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचे ते पहिले संचालक. पुढे पेशीसंवर्धनात मोठं काम करणाऱ्या कमल रणदिवे त्यांच्याच तालमीत तयार झाल्या. रक्तगट, कुष्ठरोग, केरळच्या किनाऱ्यावरच्या किरणोत्सारी वाळूचा तिथल्या माणसांवर होणारा परिणाम, असे त्यांचे विषय फैलावत गेले. १९५५ साली पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंबईच्या रुग्णांचा अभ्यास छापला. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा कर्करोग जास्त, विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी आणि घशात जास्त, असं त्यात दिसलं. पुन्हा तोच धागा.

हा धागा आज आठवायचं कारण ई-सिगारेट. वसई-विरारच्या पश्चिमेला राजोडी, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी लोटते. किनाऱ्यालगत रिसॉर्ट, वाड्यांच्या पलीकडे क्रिकेटची मैदानं, गावात मंडळांच्या कॅरमच्या नि व्यायामाच्या खोल्या. पानवेलींच्या बागा पाहिलेल्या या पट्ट्याला तोंडात काहीतरी धरण्याच्या सवयीची ओळख नव्यानं करून द्यायला नको. मात्र पेनसारखं दिसणारं, आंब्याच्या किंवा पुदिन्याच्या वासाचं, राख न पाडणारं हे यंत्र कुणी क्लबच्या खोलीत काढलं, तर समितीनं काय करायचं? सिगारेटला हटकणारी माणसंही इथे गोंधळतात. धूर नाही, काडी नाही, मग हरकत कशाला, हा युक्तिवाद ऐकायला सोपा वाटतो.

खानोलकरांच्या रीतीनं पाहायचं, तर आधी ते कसं घेतलं जातं हे बघावं लागतं. बॅटरीवर तापणारी तार एका द्रवाला गरम करते. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्यं आणि बहुधा निकोटिन. त्यातून निघतं त्याला वाफ म्हणतात, पण तो अतिसूक्ष्म थेंबांचा फवारा असतो. त्यात निकोटिनबरोबर फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं आणि तारेतून आलेले धातूंचे अंशही सापडतात. सिगारेटच्या धुरापेक्षा विषारी द्रव्यांचं प्रमाण बरंच कमी, हेही तितकंच खरं. ते लपवून कुणाचं भलं होणार नाही.

खैनीशी तुलना केली तर एक गंमत दिसते. चुन्यानं तंबाखू अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळं होतं आणि ओठाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात जातं. नव्या ई-सिगारेटींत नेमकं उलट केलं जातं. निकोटिनमध्ये बेंझोइक आम्लासारखं आम्ल मिसळून त्याचा क्षार करतात. त्यामुळे घशाला ठसका लागत नाही आणि जास्त तीव्र निकोटिन सहज खाली, फुप्फुसापर्यंत ओढता येतं. पहिल्या सिगारेटला येणारा खोकला हा नवख्या पोराला आवरणारा एक नैसर्गिक अडसर होता. तो इथे काढून टाकलेला आहे. खैनीचा घाव ओठात दिसला, आरशात पाहता आला. फुप्फुसात खोल काय चाललंय ते कुठला आरसा दाखवणार? हे यंत्र चीनमध्ये २००३ साली तयार झालं. कर्करोग उमटायला दोन-तीन दशकं लागतात, तेव्हा आज आकडे थोडे आहेत याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. अमेरिकेत २०१९ साली फुप्फुसं अचानक निकामी होऊन २,८०० हून अधिक माणसं रुग्णालयात गेली, फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ दगावली. त्यात बहुतेकांनी गांजातलं द्रव्य असलेली, व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेली काडतुसं वापरली होती. म्हणजे ते सर्वच ई-सिगारेटींचं पाप नव्हे. पण द्रवात कोण काय मिसळतं हे ओढणाऱ्याला कळत नाही, एवढं त्यातून दिसलं.

इंग्लंडचा दाखला हटकून दिला जातो. तिथला २००७ चा धूम्रपानबंदी कायदा पेटवून ओढायच्या वस्तूंपुरता होता, त्यामुळे ई-सिगारेटचा निर्णय वर्षानुवर्षं ज्या त्या क्लबवर सोडला गेला. सिगारेट सोडायला ई-सिगारेटची मदत होते, याला चांगला पुरावाही आहे. पण २०१६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सहा प्रौढांमागे एक जण सिगारेट ओढत होता. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणारे निघाले ३.८ टक्के आणि तंबाखू चघळणारे किंवा तोंडात धरणारे २४.४ टक्के. तिथे हे यंत्र बऱ्याच जणांची सिगारेट सोडवू शकतं. इथल्या कॅरमच्या खोलीत ते कुणाची सिगारेट सोडवणार? मशेरी लावणाऱ्या आजीची नाही, गुटखा खाणाऱ्या रिक्षावाल्याचीही नाही. ते जाणार बॅट घेऊन आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती, ज्यानं आधी काहीच ओढलेलं नाही. परदेशातला निष्कर्ष जसाच्या तसा उचलायचा नाही, आपल्या माणसांच्या सवयी आधी मोजायच्या, हे खानोलकरांनी आयुष्यभर केलं. इथे ते न करणं हा आळस ठरेल.

मैदानालगतच्या खोलीचा प्रश्न आणखी वेगळा. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोरात खेळणारा साठ ते शंभर. बंद खोलीत टेबल टेनिस खेळणारा मुलगा कोपऱ्यात बसून ओढणाऱ्याचं निकोटिन आणि सूक्ष्म कण त्याच मानानं जास्त आत घेतो. दमेकरी असेल तर विचारायलाच नको.

कायद्यानं निम्मं उत्तर दिलेलं आहे. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशानं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आली. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र नुसतं ओढण्याला त्या कायद्यात वेगळी शिक्षा नाही. २००३ चा तंबाखू कायदा सार्वजनिक जागी धूम्रपान रोखतो, पण त्याची व्याख्या तंबाखू ओढण्याची आहे. द्रव तापवणारं यंत्र त्यात बसतं का, यावर वाद घालता येतो. ही फट बुजवायची असेल तर क्लबनं आपल्या नियमावलीत ई-सिगारेट हा शब्द स्पष्ट लिहावा लागेल. क्लब खासगी आहे, सभासदांपुरता आहे, ही सबबही फारशी टिकणारी नाही. २००३ च्या कायद्यात लोकांना प्रवेश असलेली जागा, मग तो हक्कानं असो वा नसो, सार्वजनिकच धरलेली आहे.

खानोलकर १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढची दहा वर्षं राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २००१ उजाडलं, म्हणजे त्यांच्या १९४५ च्या निबंधानंतर ५६ वर्षं. खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात एका इमारतीला आता खानोलकर शोधिका असं नाव आहे.

राजोडीतल्या एखाद्या मंडळाला किंवा रिसॉर्टला मात्र खारघरच्या निष्कर्षांसाठी थांबायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यात एक कलम जागेच्या मालकासाठी आणि ताबेदारासाठी आहे. आपल्या जागेत ई-सिगारेटींचा साठा ठेवू दिला आणि तो जाणूनबुजून, तर जबाबदार तोच. सहलीला आलेला गट विकायला आणलेला खोका क्लबच्या कपाटात ठेवून गेला आणि व्यवस्थापकानं तो ओळखूनही ठेवून घेतला, तर उत्तर द्यावं लागेल ते व्यवस्थापकाला.