कै. नारायण मल्हार जोशी

महाड-पोलादपूरच्या ज्या घरांतील माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबली, त्यांनी या पुरुषाचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. महाडनजीकच्या गोरेगावी १८७९ साली जन्मलेले नारायणराव आरंभी शिक्षक होते. १९०९ साली भारत सेवक समाजात शिरून त्यांनी लोकसेवेचे व्रत घेतले. १९२५ साली मंदीचे कारण देऊन गिरणीमालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात केली. दीड लाखांवर कामगार संपावर गेले. संपकऱ्यांस लोभी म्हणणे सोपे. पण ते वाढ मागत नव्हते, होते तेच राखू पाहत होते. नारायणरावांनी त्यांची कड घेतली. डिसेंबरात सरकारने कापडावरील कर तहकूब केला आणि कपात रद्द झाली. १९५५ साली ते निवर्तले. कष्टाची भाकरी मागणे हा लोभ नव्हे, असे आम्हांस वाटते.