नात्यांचा नकाशा काढणाऱ्या इरावतीबाई

यंदाच्या स्मरणिकेसाठी इरावती कर्वे यांच्याविषयी लिहिण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपविले. आपल्यापैकी पुष्कळ भगिनींनी त्यांचे ‘युगान्त’ वाचलेले आहे. म्हणून मी इथे लेखिकेपेक्षा प्राध्यापिका इरावतीबाईंविषयी लिहिणार आहे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला व तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षणासाठी लहानपणीच त्या पुण्यास हुजूरपागेत आल्या. फर्ग्युसनमधून पदवी, मुंबईस घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए., आणि पुढे बर्लिनला डॉक्टरेट. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांनाही आपल्या सुनेने परदेशी जावे हे पसंत नव्हते! पती दिनकररावांनी मात्र त्यांना धाडले. बर्लिनच्या प्राध्यापकांना मानवी कवट्यांच्या मापांत वंशावंशांतला भेद दिसावा अशी अपेक्षा होती. बाईंनी मापे घेतली. तसा भेद निघाला नाही आणि त्यांनी तसे लिहून दिले. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, एका विद्यार्थिनीने!

१९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांचे शिकविणे वर्गाच्या चार भिंतींत मावणारे नव्हते. गावोगाव हिंडावे, माणसांची मापे घ्यावीत, घराघरांतून वंशावळी आणि नात्यांचे शब्द टिपावेत, आणि मग त्यांचा जुन्या संस्कृत-पाली ग्रंथांशी मेळ घालावा, अशी त्यांची रीत. विद्यार्थ्यांनाही त्यांनी याच वाटेने नेले. मापांचा तो सोस आज जुना झाला आहे, आणि मला वाटते तो गेला हेच बरे. नात्यांचे काम मात्र टिकले.

१९५३ च्या त्यांच्या ग्रंथात साऱ्या हिंदुस्थानच्या नात्यागोत्यांचा जणू नकाशाच आहे. उत्तरेत मुलगी द्यायची ती परक्या गावी, अनोळखी घरात. दक्षिणेत मात्र नात्यातच, आणि काही जातींत तर सख्ख्या मामालाही. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. इथे मामाची मुलगी करतात. माझे माहेर लातूरचे व सासर नांदेडचे. उदगीर-निलंग्याकडे कानडी मुलूख लागून आणि देगलूर-बिलोलीकडे तेलंगण, तेव्हा या तिन्ही रीती आमच्याकडे एकाच लग्नमंडपात भेटतात. जावई सासऱ्याला मामा म्हणतो, सून सासूला आत्याबाई म्हणते. नाते मुळीच नसले तरी! असल्या हाकांतून समाजाची घडण वाचता येते, हे बाईंनी दाखविले. (आत्या सासू झाली म्हणून सासुरवास चुकतोच असे नाही, हे आपणांस मी सांगायला नको. आणि रक्ताच्या नात्यातले लग्न मुलांच्या प्रकृतीस धोक्याचे, असे डॉक्टर सांगतात तेही ऐकावे.) घरात सहज उच्चारले जाणारे शब्द विद्येचा विषय होऊ शकतात, आणि ते सर्वांत जास्त बायकांनाच पाठ असतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अखेरच्या काळात कोयना धरणाने उठविलेल्या माणसांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, बाई गेल्या. गाव हलविताना नुसती घरे मोजून भागत नाही, कोण कोणाच्या शेजारी राहत होते आणि कोणाचे सोयरे कुठे गेले तेही पाहावे लागते, एवढे त्या पाहणीतून आपण घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर आमच्या लातूर जिल्ह्यात कित्येक गावे नव्या जागी वसली. घरे पक्की झाली, रस्ते रुंद झाले. पण आखीव रांगांत भाऊबंद आणि शेजार विखुरले. ज्या शेजारणीला भिंतीवरून हाक मारून विरजण मागता येई, ती आता चार रांगा पलीकडे राहते.